लारी न येणारी वाट

थंडी पडायला लागली की बंगळूरला महादेवपुऱ्यात आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक हातगाडी येऊन उभी राहते. गाडीवर अवरेकाईचा ढीग. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची बंगळुरी बहीण. दवात भिजलेल्या या शेंगांना एक तेलकट, हिरवा, बोटांना धरून बसणारा वास असतो. कन्नडमध्ये त्याला सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द असलाच तर मला ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या आमच्या घरात तो कधी लागला नाही.

यंदा त्या गाडीपाशी शेंगा निवडत होते, तेव्हा वरच्या मजल्यावरची तन्वी मोटारीच्या टपावर सायकल बांधत होती. मूळची पुण्याची, इथं कुठल्याशा आयटी पार्कात नोकरीला. म्हणाली, "काकू, उद्या ग्रॅव्हल राइड आहे. टोटली ट्रॅफिक-फ्री! डोंगर, तळी, कच्चा रस्ता. एकसुद्धा गाडी लागत नाही." तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. तांबडी वाट, डाव्या हाताला तळं, मागं उघड्या दगडाचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर किल्ल्याची तुटकी भिंत.

"माकळीदुर्ग," मी म्हटलं. "इथं मी गेलेय. सायकलनं."

"वॉव! कधी?"

"तुझ्या जन्माआधी."

तिला घाई होती. मलाही रस्त्यात उभं राहून सांगता येण्यासारखं ते नव्हतं. शेंगा घेऊन वर आले, ताट मांडीवर घेतलं आणि सोलायला बसले. खाली सिग्नलवर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. हॉर्न ऐकले की आजही मला आधी अक्का आठवते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शारदा. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही येलहंक्याच्या जुन्या पेठेत राहायचो. तेव्हाचं येलहंका म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही. डोक्यावरून हवाईदलाची विमानं जायची आणि दारासमोरून मेंढरं. मी, म्हणजे मंजू, शहरात एका कापडाच्या कंपनीच्या ऑफिसात कामाला होते. अक्का अरळीहळ्ळी नावाच्या खेड्यातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, कारण बोललं की ती शांतपणे उठून वह्या तपासायला बसायची. रोज सकाळी साडीचा पदर कमरेला खोचून, काळ्या लेडीज सायकलवरून ती दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्यानं शाळेला जायची.

त्या रस्त्यावर दगडांच्या खाणींच्या लाऱ्या चालत. त्या वर्षी जूनमध्ये, शाळा नुकतीच उघडलेली असताना, अशाच एका लारीनं मागून येऊन तिला उडवलं. लारी थांबली नाही. मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याचं काय काय झालं ते डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. अक्काला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त मागून आलेला हॉर्न. पावसाळाभर ती खाटेवर होती. दसऱ्याच्या सुमारास काठी टेकत चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, "गुडघा वाकवायला हवा. सायकल चालवा." हे ऐकून आई तिथंच रडायला लागली.

खरी अडचण गुडघ्याची नव्हतीच. एकदा ती बसनं शाळेत जाऊन येते म्हणून निघाली. मी सोबत होते. स्टॉपवर उभ्या होतो तेवढ्यात एक लारी हॉर्न देत गेली. वळून बघते तर अक्का शेजारी नाही. मागच्या दुकानाच्या फळीआड ती कानांवर हात ठेवून बसली होती, आणि दुकानदार गोंधळून तिच्यापुढे पाण्याचा लोटा धरून उभा होता. दुसऱ्या वेळी ती बसमध्ये चढली आणि पुढच्याच स्टॉपवर उतरली. तिसऱ्यांदा निघालीच नाही. आगगाडी होती, पण तिचं स्टेशन शाळेपासून लांब आणि वेळ शाळेची नव्हे.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यांच्या परीनं तोड काढली. ओळखीतून शब्द टाकून तिला शहरातल्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात बदली मिळेल असं बघितलं. रजा संपायच्या आत हो म्हणायचं, इतकंच होतं.

"बसून काम आहे," अप्पा म्हणाले. "डोक्यावर पंखा आहे. मंजूबरोबर आगगाडीनं जाशील, तिच्याबरोबर येशील. काय वाईट आहे त्यात?"

"वाईट काही नाही, अप्पा," अक्का म्हणाली. "पण तिथं मुली नाहीत."

"मग शाळेत जाणार कशी? उडून?"

"बघते."

अक्काच्या तोंडी 'बघते' याचा अर्थ 'ठरलं' असा असतो. हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. सायकली हातात धरून आम्ही येलहंक्याच्या केरेवर गेलो. केरे म्हणजे तळं. आमच्या घरच्या मराठीत तळ्याला केरेच म्हणतात. तिथल्या मातीच्या बांधावरून वाहन जात नाही. जातात त्या म्हशी. धुकं इतकं होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसता पाणकोंबड्यांचा आवाज. अक्कानं काठी झाडाला टेकवली, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि सीटवर बसली. पहिल्या फेरीत गुडघा अर्धाच वाकला. पॅडल वर आलं की ती दात आवळायची, तोंडातून आवाज निघू द्यायची नाही. बांधाच्या टोकाला पोचलो तेव्हा कपाळावर दव की घाम, कळत नव्हतं.

"पुरे," मी म्हटलं.

"स्वल्प थांब," ती म्हणाली, आणि सायकल वळवली.

रोज पहाटे तेच. हळूहळू गुडघा वाकू लागला. आणि एका सकाळी, बांधाच्या टोकाशी, जिथून तळ्याचं जादा पाणी बाहेर पडतं त्या सांडव्यापाशी, ती बराच वेळ उभी राहिली. सांडव्याला आम्ही कोडी म्हणतो. पाणी कोडीवरून उतरून ओढ्यात जात होतं आणि ओढ्याच्या कडेनं माणसांच्या पायांनी पडलेली एक वाट होती.

"मंजू, मी वर्षानुवर्षं मुलींना फळ्यावर काढून दाखवते," अक्का म्हणाली. "एक केरे भरली की तिचं पाणी खालच्या केरेत. ती भरली की तिच्या खालच्या. डोंगरापासून इथपर्यंत माळ आहे माळ. आणि जिथं पाण्याचा पाट, तिथं त्याची देखरेख करणाऱ्यांची पायवाट. असलीच पाहिजे. मग केरेवरून केरेवर गेलं, तर रस्त्याला लागायचं काय काम?"

मी भूगोलात कधी फारशी चमकले नाही. पण त्या धुक्यात उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडे बघून मला कळलं की माझे सगळे रविवार आता गेले.

तो शोधाचा महिना आजही माझ्या अंगात आहे. नाचणी कापून झाली होती. शेतांत कणसांच्या गोल बणव्या, खळ्यावर बैल दगडी रूळ फिरवताहेत, वाऱ्यावर बारीक लाल भुसा. द्राक्षांचे मांडव, निलगिरीची बनं, आणि बांधाबांधावर अवरेचे वेल. जिथं जाऊ तिथं तो वास. कच्च्या वाटेवर सायकलचा एक वेगळाच आवाज असतो, दातांखाली लाही फुटल्यासारखा. वाळूत चाक रुततं, मुरमावर घसरतं, तेव्हा हँडल घट्ट धरायचं नसतं, सैल सोडायचं असतं, हे आम्ही पडून पडून शिकलो. अक्का पडली की माझा जीव जायचा. ती उठून आधी गुडघा वाकवून बघायची, मग चेन.

वाट सरळ कुठंच नव्हती. कधी पाट एका काटेरी कुंपणात शिरायचा आणि पुढं कुणाची तरी द्राक्षबाग. कधी कुत्री मागं लागायची. एकदा अख्खी सकाळ चालवून आम्ही जिथून निघालो तिथंच परत आलो. शेतातल्या बायका हातातलं काम थांबवून बघत राहायच्या. दोन बायका, एकीचा पाय आखडलेला, साडी खोचून सायकली चालवताहेत, आणि विचारलं तर म्हणतात पाणी कुठून येतं ते बघतोय! एका म्हातारीनं सरळ विचारलं, "घरी नळ नाही का?" अक्का इतकी हसली की सायकल आडवी झाली. अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

डिसेंबर लागता लागता वाट सापडली. चार केरे, दोन निलगिरीची बनं, एक द्राक्षबाग. तिच्या मालकानं "सरी, बरं, जा, पण घड तोडू नका" म्हणून कुंपणाची कवाडी उघडी ठेवली. शेवटच्या केरेच्या पलीकडे अरळीहळ्ळीच्या शाळेची कौलं दिसत होती. फक्त मध्ये तो रस्ता होता. दोड्डबळ्ळापूरचा. आम्ही होतो पूर्वेला आणि शाळा पश्चिमेला.

त्या दिवशी अक्का रस्त्याच्या अलीकडे, शेतात, बराच लांब थांबली. वर भरावावरून लाऱ्या जात होत्या. प्रत्येक हॉर्नला तिचा खांदा उडत होता.   मग ती सायकल घेऊन ओढ्यात उतरली आणि पाण्याच्या कडेनं चालू लागली. रस्त्याला जायला वाट हवी तशी पाण्यालाही हवी. भरावाखाली दगडी मोरी होती, वाकून जाता येईल इतकी उंच. आत घोट्याएवढं पाणी, शेवाळ, वटवाघळांचा वास. सायकली ढकलत आम्ही त्या अंधारातून गेलो. डोक्यावरून एक लारी गेली तेव्हा दगड थरथरले. अक्का मध्येच थांबली, डोळे मिटले, लारी जाईपर्यंत भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि पुन्हा चालू लागली. पलीकडे ऊन होतं.

"झालं," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी हजर होते."

घरी आल्यावर तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मोरीचं ऐकून त्यांचा चेहरा बदलला. "शिकलेली बाई मोरीतून शाळेत जाणार?" एवढंच म्हणाले. पण ऑफिसातल्या बदलीला नकारही त्यांनी कळवला नाही. सोमवारी अक्का हजर झाली नाही तर होकार पाठवायचा असं त्यांनी मनाशी ठेवलं होतं.

शनिवारी आकाश भरून आलं. मद्रासच्या बाजूला समुद्रात वादळ उठलं की बंगळूरला थंडीतही पाऊस लागतो. मोठा नाही, पण न थांबणारा. शनिवार, रविवार नुसती झिमझिम. सोमवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा आई दारात उभी होती, अप्पा आत. वाटेवरचा तांबडा चिखल चाकांना धरून बसत होता. चारदा उतरून काडीनं मडगार्ड मोकळं करावं लागलं. कवाडी उघडी होती. केरे तुडुंब होत्या, सगळ्या कोड्या वाहत होत्या. 

मोरी दिसतच नव्हती. तिच्या तोंडाशी गढूळ पाणी घुमत होतं, त्यावर काटक्या, फेस, कुणाची तरी एक रबरी चप्पल. छातीपर्यंत तरी पाणी असेल.

"परत जाऊ," मी म्हटलं. "मी जाऊन मोठ्या मिसना सांगते. पावसाचं कारण आहे. उद्या ये."

"उद्या पाणी उतरेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाऊस येईल," अक्का म्हणाली. तिच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. "मंजू, मोरी ही वाट नव्हे. पळवाट आहे. मला तेव्हाच कळलं होतं."

तिनं सायकल भरावावर चढवायला सुरुवात केली. मी मागून ढकलत होते. वर डांबरावर आलो. पावसात दिवे लावून लाऱ्या येत होत्या, जात होत्या. अक्का कडेच्या दगडापाशी उभी राहिली.  एक लारी हॉर्न देत आली. अक्का मागं सरली, भरावावरून पाय घसरला, मी दंड धरला. पुन्हा वर आली. पुन्हा लारी, पुन्हा मागं. तिसऱ्या वेळी मात्र ती मागं सरली नाही. ती लारी येताना तिनं डोळे उघडे ठेवले. लांबून दिवा दिसला, मग टप, मग ड्रायव्हरचं तोंड, मग ओल्या चाकांचा आवाज, आणि मग नुसता तिचा मागचा भाग दूर जाताना.

"दिसतंय," अक्का म्हणाली, स्वतःशीच. "इथून सगळं दिसतंय गं. ती मागून आली होती. ही समोरून येतेय."

रस्ता मोकळा झाला. "आता," ती म्हणाली. आम्ही पळालो नाही. तिला पळता येतही नव्हतं. एक पाय ओढत, सायकल धरून, ती सरळ समोर बघत चालत गेली. एवढासा रस्ता तो. पलीकडे उतरल्यावर ती ओल्या गवतात मटकन बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. लहानपणापासून मी तिला तशी रडताना बघितली नव्हती. मग पदरानं चष्मा पुसला.

"चल. प्रार्थना चुकेल."

शाळेच्या व्हरांड्यात मुली उभ्या होत्या. चिखलानं माखलेली मिस बघून सगळ्या पायरीशी आल्या. मग दहावीतली एक उंच, हडकुळी मुलगी पुढं आली, अक्काच्या हातातून सायकल घेतली आणि पागोळीखाली नेऊन धुवायला लागली. तिचं नाव भाग्या. वर्गात पहिली येणारी.

त्या रात्री अप्पांनी ऑफिसच्या बदलीचा विषय काढला नाही. पुढंही कधी काढला नाही.

तन्वीला वाटतं की गाड्या नसलेली वाट म्हणजे रविवारची चैन. तिचं चुकत नाही. आठवडाभर या शहराच्या रस्त्यावर घालवणाऱ्या माणसाला ती चैनच आहे, आणि ती तिला मिळायला हवी. तिच्या फोटोतल्या वाटेकडे बघताना मला हेवा वाटला नाही. आमच्या चार केऱ्यांपैकी किती उरल्या असतील ते बघायला मी गेलेली नाही. कवाडीवाल्या द्राक्षबागेच्या जागी आता घरांच्या रांगा आहेत असं ऐकते. वाट काय, माणसं चालतात तोवर असते.

हजर झाल्यावर थोड्या दिवसांत अक्का एका संध्याकाळी गप्प गप्प घरी आली. मी खोदून विचारलं. अरळीहळ्ळीत तिच्या अपघाताची गोष्ट घरोघरी झाली होती. दहावीनंतरचं कॉलेज दोड्डबळ्ळापूरला. बस भरून येते, थांबतेच असं नाही, मग मुली सायकलनं जायच्या. आता बाप म्हणत होते, मिसलाच लारीनं उडवलं, मग आमच्या मुलींचं काय? भाग्याच्या बापानं, मुनियप्पानं, तर शाळेत येऊन सांगितलं होतं की दहावी झाली की पुरे, मामाचा मुलगा बघून ठेवलाय.

"माझ्यामुळे," अक्का म्हणाली.

"तुझ्यामुळे कसं? लारीमुळे."

"ते माझं नाव घेताहेत, लारीचं नाही."

आणि पुन्हा रविवार गेले. आता पाण्याच्या मागानं आणखी वर. शाळेच्या पश्चिमेनंही केऱ्यांची माळ होती, ती दोड्डबळ्ळापूरच्या मोठ्या तळ्यापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे डोंगरांत जात होती. या बाजूला मोठा रस्ता आडवा येत नव्हता. जानेवारीच्या थंडीत, उसाच्या आणि अवरेच्या शेतांतून, आम्ही ती वाट हातभर हातभर जोडली. संक्रांतीच्या तीळगुळाबरोबर अक्का घरोघरी गेली. तिनं कॉलेजचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाली, भूगोलाचा धडा आहे, पाणी कुठून येतं ते मुलींना दाखवायचं आहे, एका रविवारी घेऊन जाते, सायकली तुमच्या.

"रस्त्यानं?" मुनियप्पानं विचारलं. तो द्राक्षबागेत मजुरीला जायचा, सायकलनं. कमी बोलणारा माणूस.

"रस्त्यानं नाही. आमच्या वाटेवर लारी येत नाही."

त्यानं नकार दिला नाही. सायकलही दिली.

तो रविवार! अर्ध्या डझनावर मुली, सगळ्या भावांच्या नाहीतर बापांच्या सायकलींवर. परकर-ओढण्या खोचलेल्या, वेण्या वर बांधलेल्या. कुणाचा पाय पॅडलला पुरत नव्हता, कुणी दांड्याखालून पाय घालून चालवत होती. भाग्या मुनियप्पाच्या उंच सायकलवर होती. सीटवर बसली की नुसती बोटं टेकायची, म्हणून ती उभ्यानंच पॅडल मारत होती. धुकं विरत गेलं तसा डोंगर पुढं येत गेला. पहिल्या तळ्यावर बगळे, दुसऱ्यावर कमळाची पानं. मुली आधी कुजबुजत होत्या, मग ओरडायला लागल्या. मुरमाच्या उतारावर एकीनं ब्रेक सोडले, तिच्यामागून सगळ्यांनी, आणि सर्वांत शेवटी अक्कानं, पाय पॅडलवरून उचलून, चष्मा सांभाळत.

दोड्डबळ्ळापूरच्या तळ्याच्या बांधावर आम्ही थांबलो. गावातून हातमाग-यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत होता. पाण्यापलीकडे एक लांबट पिवळी इमारत होती.

"ते काय आहे, मिस?" कुणीतरी विचारलं.

"कॉलेज," अक्का म्हणाली, आणि लगेच सायकलवर बसली. "चला, अजून डोंगर लांब आहे."

मुली निघाल्या. भाग्या मात्र थोडा वेळ तिथंच उभी होती. मागं वळून आलेल्या वाटेकडे बघितलं, मग इमारतीकडे, मग पुन्हा वाटेकडे.

माकळीदुर्गाच्या पायथ्याला तळं आहे, ते तन्वीच्या फोटोतलं. तिथं सायकली ठेवून आम्ही वर चढलो. अक्काला नको म्हटलं होतं. ती बसून बसून, हातांनी दगड धरून, कधी एका मुलीच्या तर कधी दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर भार टाकून चढली. माथ्यावर वारा होता. किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी उभं राहून बघितलं तर खाली दक्षिणेकडे तळ्यामागून तळं, एकामागे एक, उन्हात चमकत लांब धुरकट शहरापर्यंत गेलेलं. अक्कानं धडा शिकवलाच नाही. मुलीच बोटानं मोजत होत्या, ती आपली, ती शाळेची, ती मिसच्या गावची असेल. गुळाचे लाडू आणि भाजलेल्या अवरेच्या बिया खाऊन झाल्यावर भाग्या अक्काच्या शेजारी येऊन बसली.

"मिस, पावसाळ्यात ही वाट असते?"

"चिखल असतो. सायकल उचलून न्यावी लागते."

"मी उचलीन," भाग्या म्हणाली.

अक्कानं तिच्याकडे बघितलं. "मला काय सांगतेस? घरी सांग."

उन्हं उतरायला लागली तेव्हा अरळीहळ्ळीच्या बांधावर बाप, भाऊ, आया सगळे वाट बघत उभे होते. धुळीनं लाल झालेल्या मुली एकदम बोलत होत्या. मुनियप्पा बाजूला, एका करंजाच्या झाडाखाली उभा होता. भाग्यानं सायकल त्याच्यासमोर नेऊन उभी केली.

"किती लाऱ्या लागल्या?" त्यानं विचारलं.

"एक पण नाही, अप्पा."

"जाताना?"

"जाताना नाही, येताना नाही." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "कॉलेज तळ्याच्या काठाला आहे. मी बघितलं. दुपारच्या आत जाऊन येता येतं."

 अक्का पुढं झाली नाही. मीही नाही. मुनियप्पानं मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, तिचे खरचटलेले घोटे बघितले. मग सायकल धरून समोरच्या आपल्या घराच्या अंगणात नेली. आतून पाना आणला. उकिडवा बसून त्यानं सीटखालचा नट सैल केला. नट गंजलेला होता, जोर लावावा लागला. सीट दाबून खाली घेतली, भाग्याला हाक मारली, तिला वर बसवून बघितलं. तिची टाच अजून टेकत नव्हती. त्यानं तिला उतरवलं, सीट आणखी खाली, पार दांड्याला टेकेपर्यंत दाबली आणि नट पक्का आवळला. आता तो स्वतः बसला असता तर त्याचे गुडघे हँडलला लागले असते.